एकच टॅग दोनदा दिसत होता, तो कसा एक केला (माझा अनुभव)

भाषाशास्त्राच्या नोंदींना मी टॅग लावतो, त्यात 'ऱ्हस्व' आणि 'ॲक्सेंट' हे टॅग यादीत दोन-दोनदा दिसायचे, दिसायला अगदी सेम पण एकावर क्लिक केलं की निम्म्याच नोंदी. डिलीट करून पुन्हा टाइप केलं, फॉन्ट बदलला, एनएफसी नॉर्मलायझेशनही (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेली सारखी अक्षरं एका रूपात आणायची पद्धत) चालवून पाहिलं, काही नाही. दोन संध्याकाळी गेल्या, डोकं फिरलं.

शेवटी एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक (कॉम्प्युटर अक्षर ज्या नंबराने ओळखतो तो) काढला तेव्हा कळलं. 'ॲ' हे एकच अक्षर (०९७२) असतं, पण बरेच कीबोर्ड 'अ' वर चंद्र देतात, कधी मधे न दिसणारा जोडक (२००डी) पण घुसवतात. एनएफसी या दोघांना एक मानतच नाही. 'ऱ्ह' चं तसंच, कोणी ऱ (०९३१) ला हलन्त लावतो, कोणी साधा र, हलन्त आणि मग जोडक.

टॅगची यादी बाहेर काढून (आधी कॉपी ठेवा!) ह्याच क्रमाने रिप्लेस केलं: आधी र + हलन्त + जोडक बदलून ऱ + हलन्त, मग उरलेले सगळे जोडक काढले, मग अ + चंद्र चं ॲ, मग एनएफसी, आणि सगळ्यात शेवटी सारखे टॅग मर्ज. जोडक आधीच उडवलात तर 'ऱ्हस्व' चा 'र्हस्व' होतो, रफार ह वर चढून बसतो, माझं पहिल्यांदा तेच झालं.

'ह्रस्व' मात्र स्पेलिंगच वेगळं, ते हातानेच जोडावं लागलं.