बायझंटाईन सम्राटांचा अभ्यास : वंशावळ बाजूला ठेवून

एम.ए.ला असताना बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या, इतिहासाला हात घातला, तेव्हा सर्वप्रथम मी सम्राटांची वंशावळ काढायला बसलो. दहाव्या शतकाशी येताच कागद खाडाखोडीने भरला. कारण ९६३ मध्ये आशिया मायनरमधील सिझेरियात फौजेने सम्राट म्हणून पुकारलेला निकेफोरोस फोकास आणि ९६९ मध्ये त्याचा खून करवून गादीवर बसलेला जॉन त्झिमिस्केस यांना राजघराण्यात कुठे जोडावे, हेच कळेना. बेसिल आणि कॉन्स्टंटाइन हे जन्माने वारस असलेले भाऊ या साऱ्या काळात नावापुरते सहसम्राट होते. वारसाचा पक्का कायदाच नव्हता. फौज, सिनेट आणि राजधानीतील लोक यांचा जयघोष ज्याला मिळे, तो सम्राट.

म्हणून नवख्यांनी आधी एकच बंड घेऊन त्याच्या खोलात शिरावे. मी दुसऱ्या बेसिलच्या (वर आलेल्या दोन भावांपैकी बेसिलच्या) काळातले घेतले. ९७६ मध्ये बार्डास स्क्लेरोस हा सेनापती उठला आणि त्याला मोडायला बार्डास फोकासला पाठवले गेले. ९८७ मध्ये तोच फोकास उलटला. (दोघेही बार्डास, त्यामुळे एकाचे पाप मी कित्येक दिवस दुसऱ्याच्या खात्यावर मांडत होतो.) अनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानातील) जमीनजुमला आणि फौजेतील वजन स्क्लेरोस, फोकास अशा घराण्यांकडे असल्यामुळे बेसिलला कीव्हचा राजा व्लादिमीर याच्याकडून सुमारे ६,००० योद्धे मागवावे लागले आणि त्याला आपली बहीण अ‍ॅना लग्नात द्यावी लागली.

९८९ मध्ये अबिडोसच्या रणात फोकास चाल करून येता येता अचानक कोसळून मेला. भाला लागला की विषप्रयोग झाला, याच्या निरनिराळ्या वदंता बायझंटाईन इतिहासकार मिखाइल प्सेलोस नोंदवतो. मात्र प्सेलोसचा जन्मच सुमारे १०१८ चा, हे वहीत शेजारी लिहून ठेवावे आणि एकच कारण निवडण्याची घाई करू नये.

त्याच प्सेलोसने सांगितलेला एक प्रसंग मला तहांच्या कलमांपेक्षा अधिक शिकवून गेला. शरण आलेला वृद्ध स्क्लेरोस, दुसऱ्यांच्या आधाराने, बेसिलच्या तंबूकडे येत होता. बाकीची राजचिन्हे त्याने उतरवली होती, पण केवळ सम्राटाने घालायची ती जांभळी पादत्राणे पायांत तशीच होती. ती दुरूनच दिसताच बेसिलने डोळे मिटून घेतले. स्क्लेरोसने ती तंबूच्या दाराशी काढली आणि मग तो आत गेला.