नाला वर तुंबतो पण दुखणं तोंडाशी असतं: आउटफॉलच्या कामात या चुका टाळा

मे महिना आला की सगळीकडे नालेसफाई सुरू, जेसीबी, डंपर, गाळाचे फोटो. पण हे सगळं पाणी शेवटी जिथून खाडीत पडतं ते तोंड, म्हणजे आउटफॉल, पालिकेच्या कागदावर ज्याला पातमुख म्हणतात, तिथे शेवटचं कोण उतरलं होतं असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी कोणी सांगू शकत नाही. मी ठाणे खाडीच्या काठाने बरीच वर्षं ही कामं करतोय आणि त्याच त्याच चुका दिसतात म्हणून लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरतीचं वेळापत्रक न बघता साइटवर जाणं. भरतीला गेलात तर तोंड पाण्याखाली, दिसणार काय? आणि फक्त ओहोटीला गेलात तर सगळं छान वाटतं. दोन्ही वेळा जायचं, शक्यतो अमावस्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, मुंबईकडे तेव्हा पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि वेळ रोज 50 मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी दहाला काम झालं म्हणून चार दिवसांनी मजूर दहालाच बोलावले तर ते नुसते बसून राहतात.

आता पाणी नेमकं का तुंबतंय ते ओळखायचं. पाऊस नाही, कडक ऊन आहे आणि तरी पौर्णिमेला चेंबरमधून पाणी वर येतंय, तर तोंडावरची एकाच दिशेने उघडणारी झडप म्हणजे फ्लॅप गेट गळतंय, खाडी आत येतेय. खात्री करायची तर पाण्याचे आरओ फिल्टर बसवणाऱ्याकडचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, मागून घ्या, खाडीचं पाणी असेल तर आकडा लगेच हजारांत जातो. पाऊस पडतोय, ओहोटी आहे आणि तरी पाणी उतरत नाही, तर आत गाळ किंवा अडथळा आहे. फक्त भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आल्यावरच तुंबत असेल तर कितीही सफाई करा, तेवढ्यापुरतं पाणी थांबणारच, तिथे पंप लागतो किंवा नवी मुंबईत आहेत तसे धारण तलाव, म्हणजे ओहोटी येईपर्यंत पाणी साठवून ठेवणारे तलाव. मुंबईची जुनी व्यवस्था ताशी 25 मिमी पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढं धरूनच केलेली होती, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया ही पंपिंग स्टेशनं त्याचसाठी आहेत.

झडपेबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळे हाल तिचेच होतात. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, बांधाला उघाडी म्हणजे झडपेचं दार असतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं आणि भरतीला खाडीच ते दाबून बंद करते, गोव्यात खाजणाला, म्हणजे तिथल्या तशाच बांध घातलेल्या जमिनीला, तसंच मानस असतं. शहरातल्या आउटफॉलची झडप म्हणजे तीच गोष्ट, फक्त लोखंडी किंवा प्लास्टिकची. एका सोसायटीने मला बोलावलं, म्हणाले नवीन झडप बसवून वर्ष झालं तरी पार्किंगमध्ये पाणी येतं. उतरून बघतो तर पाणी लवकर जावं म्हणून कोणीतरी झडपेखाली फळी अडकवून ती कायमची उघडी ठेवलेली, बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. फळी काढली, बिजागरीत अडकलेल्या पिशव्या आणि चिंध्या काढल्या, रबर सील बदललं, पुढच्या उधाणाला पार्किंग कोरडं. तेव्हा झडप हाताने उचलून सोडून बघायची, सहज उचलली गेली पाहिजे आणि सोडल्यावर चारी बाजूंनी टेकली पाहिजे. बिजागरीची पिन साधी लोखंडी नको, स्टेनलेस स्टीलमध्येसुद्धा 304 ग्रेड नको, खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे पडतात, 316 ग्रेड घ्या.

आणि कृपा करून तोंडावर जाळी वेल्ड करू नका! कचरा खाडीत जाऊ नये ही भावना बरोबर आहे, पण तिथे अडकलेला कचरा पावसात काढणार कोण? जाळी वरच्या चेंबरला लावा, जिथे माणूस उभा राहून रोज साफ करू शकतो.

तोंडापुढचा गाळ काढून काठावरच टाकतात तीही चूक, पहिल्या पावसात तोच गाळ परत आत. त्या गाळात तिवरं उगवली असतील तर कोयता लावायचा नाही, कांदळवन तोडणं गुन्हा आहे, उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर बंदी घातली आहे, सार्वजनिक कामासाठीसुद्धा परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज मे महिन्यात करून उपयोग नाही, पावसाळा संपला की लगेच कामाला लागा.

आउटफॉलच्या वरच्या बाजूला रस्ता किंवा फुटपाथ खचतोय? नुसता मुरूम टाकून बुजवू नका. बहुतेक वेळा पाईपचा सांधा उघडलेला असतो आणि दर ओहोटीला माती आत खेचली जाते, सांधा बंद केल्याशिवाय खड्डा परत पडणारच. तसंच तोंडापुढे दगडाचं पिचिंग, म्हणजे माती वाहू नये म्हणून दगडांचं अस्तर, करताना खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) किंवा खडीचा थर न टाकता थेट चिखलावर दगड रचले तर दोन पावसाळ्यात ते खाली बसतात आणि शेवटचा पाईप लटकतो.

काँक्रीटला तडे गेले की वरून सिमेंट थापून मोकळे होतात. आत सळई गंजत असते, सहा महिन्यांत प्लास्टर सुटतं. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडा, सळई घासून तिला झिंक प्रायमर लावा, मग पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीसाठी पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला). भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या नवीन आरसीसीला (सळईच्या काँक्रीटला) आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम 40 ग्रेडचं काँक्रीट आणि सळईवर 75 मिमी कव्हर म्हणजे काँक्रीटचा थर लागतो, गटाराला कशाला एवढं असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. खाडीचं पाणी मिक्समध्ये घालायचं नाही, हे सांगावं लागतं कारण मी घालताना पाहिलंय.

शेवटचं, पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पावसाच्या पाईपात सांडपाणी नसतं असं समजून माणूस तसाच आत पाठवू नका. कोरड्या दिवसातही पाईपातून काळं पाणी येत असेल तर कोणाचीतरी ड्रेनेज लाइन त्यात जोडलेली आहे, म्हणजे आत विषारी वायू असू शकतो, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं वास गेला आणि तो आणखी आत जातो. शक्य तेवढं मशीनने करा, जेटिंग (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने सफाई), आत सोडायचा कॅमेरा. माणूस उतरवायचाच नाही असं ठरवूनच काम आखा. अगदी पाईपच्या तोंडाशी उभं राहून काम करतानासुद्धा गॅस डिटेक्टर, ब्लोअर, हार्नेस आणि वर दोरी धरून दोन माणसं, आणि भरती चढायच्या एक तास आधी सगळे बाहेर, काम अर्धं राहिलं तरी चालेल.