हलणारी टायमिंग प्लेट: व्हॅक्यूम अॅडव्हान्स मी कसा शिकलो

शिकाऊ असताना एका जुन्या चार सिलिंडरच्या मोटरसायकलचं टायमिंगचं झाकण उघडलं आणि मी गोंधळलो. पिकअप कॉइल (ठिणगीची वेळ कळवणाऱ्या कॉइल) ज्या प्लेटवर बसल्या होत्या ती प्लेट बोटानं ढकलली की सरकत होती. स्क्रू ढिले राहिलेत असं समजून मी आवळायला गेलो, तर स्क्रू घट्टच होते. ज्यांच्या हाताखाली मी काम करत होतो त्या मिस्त्रींनी शेजारच्या चपट्या पत्र्याच्या डबीची रबरी नळी कार्बोरेटरकडून उपसली, तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तोंडानं ओढ, आणि प्लेटवरची नजर काढू नकोस."

मी हवा ओढली, तशी प्लेट नखभर फिरली. जिभेनं नळीचं तोंड दाबून धरलं, तर ती तिथंच थांबून राहिली. जीभ काढली आणि टक्‌ करून मागे आली. नवीन शिकणाऱ्यानं व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीनं ठिणगी लवकर पाडण्याचा, हा विषय इथूनच सुरू करावा असं मला मनापासून वाटतं. आकृत्या नंतर बघा, आधी प्लेट सरकताना बघा.

आता ती का सरकते ते. ठिणगी पडल्याबरोबर पूर्ण दाब तयार होत नाही, ज्वाळा पसरायला वेळ लागतो. पिस्टन टीडीसी (त्याचं सर्वात वरचं टोक) ओलांडून साधारण १० ते १५ अंश खाली आलेला असताना दाब सर्वात जास्त असावा लागतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर येत असतानाच, टीडीसीच्या आधी टाकायची, यालाच अॅडव्हान्स म्हणायचं. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ४००० ला २४ अंश. जळायला लागणारा वेळ वेगाच्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी हवी. हे काम फिरत्या वजनांचं. वेगानं वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ ठरवणारा फिरता रोटर किंवा कॅम पुढे वळवतात. बहुतेक जुन्या मोटरसायकलींमध्ये एवढंच असतं.

पण वजनांना फक्त वेग कळतो. इंजिनावर किती भार आहे ते त्यांना कळत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. तीच गाडी, तोच वेग, एकदा सपाट रस्त्यावर थ्रॉटल जेमतेम उघडून आणि एकदा चढावर पूर्ण पिळून चालवा. पहिल्या वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं शिरतं, त्यात आधीच्या जळलेल्या वायूचं प्रमाण जास्त असतं, ज्वाळा सावकाश पसरते. तिला आणखी लवकर पेटवायला हवं. दुसऱ्या वेळी मिश्रण दाटून भरतं, झपकन जळतं; तिथे तेवढाच अॅडव्हान्स दिला तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी धडाक्यानं पेटणं, सुरू होतं. चालवणाऱ्याला टकटक ऐकू येवो न येवो, पिस्टनला मार बसत राहतो.

भार ओळखायची खूण इंजिनातच तयार असते. थ्रॉटल थोडा उघडा असला की इनटेकमध्ये व्हॅक्यूम जास्त, पूर्ण उघडला की जवळजवळ नाहीसा. त्या डबीत एक डायफ्राम (लवचीक पडदा) आणि एक स्प्रिंग असते. व्हॅक्यूम डायफ्रामला ओढतो, डायफ्रामची दांडी प्लेटला ओढते. दिशा नीट बघा: वजनं रोटरला फिरण्याच्या दिशेनं पुढे ढकलतात आणि व्हॅक्यूम प्लेटला उलट्या दिशेनं, रोटरच्या अंगावर आणतो. दोन्हींचा परिणाम एकच, ठिणगी लवकर. म्हणून दोन्हींचे अंश एकमेकांत मिळवायचे असतात. थ्रॉटल पिळला की व्हॅक्यूम जातो, स्प्रिंग प्लेट मागे नेते, आणि भार आला त्याच क्षणी वरचे अंश निघून जातात. कुठलंही इलेक्ट्रॉनिक डोकं नसताना हे घडतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

नळी कुठून निघते यावरही बरंच अवलंबून असतं. भोक थ्रॉटलच्या आतल्या, इंजिनाच्या बाजूला असेल तर आयडलिंगलाही (थ्रॉटल सोडून इंजिन सावकाश चालताना) व्हॅक्यूम मिळतो. थ्रॉटलच्या कडेच्या किंचित वर असेल तर आयडलिंगला काहीच मिळत नाही, थ्रॉटल जरा उघडला की मिळू लागतो. जुळवताना नळ्यांची अदलाबदल झाली की आयडलिंग बिघडतं आणि दोष मात्र कार्बोरेटरला लागतो.

मोटरसायकलींत ही पद्धत कमीच दिसते. १९७८ ची यामाहा एक्सएस ११०० किंवा होंडाची गोल्डविंग जीएल ११०० अशा मोठ्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये ती आहे. मोटारीत एका मॅनिफोल्डवर सगळे सिलिंडर ओढतात, त्यामुळे व्हॅक्यूम बराचसा सलग राहतो. मोटरसायकलीत प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर असला तर दोन फेऱ्यांत एकदाच ओढ बसते आणि व्हॅक्यूम धडधडतो. नळीत बारीक भोकाचा अडथळा सापडला तर तो धडधड शमवायलाच बसवलेला असतो. कचरा समजून काढून टाकू नका.

तपासणीची पद्धत एकच लक्षात ठेवा: दोन्ही अॅडव्हान्स वेगवेगळे बघायचे. नळी काढा, कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा, नाहीतर तिथून हवा शिरून त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होईल. मग टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) लावून आयडलिंगची खूण बघा, वेग वाढवून वजनांचं काम बघा. त्यानंतरच हातपंपानं डबीला व्हॅक्यूम द्या. खूण सरकली पाहिजे आणि पंपाचा काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा हळूहळू उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक डायफ्राम फाटला आहे.

आता मला सर्वात जास्त शिकवणारा बिघाड. एक गाडी आयडलिंगला उत्तम चालायची आणि थ्रॉटल उघडला की दोन सिलिंडर सोडून द्यायची. मी तीन वेळा कार्बोरेटर सिंक्रोनाइझ केले, म्हणजे सगळ्यांची ओढ सारखी केली. पिकअप कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, तोही बरोबर आला. मिस्त्रींनी मल्टिमीटर तसाच लावून ठेवायला सांगितला आणि डबीला हातपंप जोडला. प्लेट सरकायला लागली तसा आकडा उडाला, सर्किट उघडं. व्हॅक्यूम सोडला, आकडा परत जागेवर.

प्लेट प्रत्येक वेळी सरकते तेव्हा पिकअपच्या वायरी तिच्याबरोबर वाकतात. हजारो वेळा वाकून आतलं तांबं तुटलं होतं, वरचं आवरण मात्र शाबूत. प्लेट मागे असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकत होती, म्हणून आयडलिंगला सगळं ठीक. वायर दोन बोटांत धरून हळूच ताणली, तर तुटलेल्या जागी आवरण रबरासारखं लांबलं. बाकीच्या वायरीला तसा ताण येत नव्हता.

तिथं पुष्कळ बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घातली. सोल्डर केलेला सांधा वाकण्याच्या जागेपासून लांब ठेवला, कारण सोल्डरनं वायर कडक होते आणि तिथंच पुन्हा तुटते. प्लेट पंपानं पूर्ण टोकापर्यंत नेऊन वायर ताणली जात नाही ना, रोटरला घासत नाही ना, ते बघितलं. मग नळी जोडून टायमिंग लाइट धरला. थ्रॉटल हलकेच उघडला, खूण झटकन पुढे सरकली, आणि चारही सिलिंडर चालू राहिले.