जुन्या डिझेल गाडीचा पंप फिरवण्याआधी: इंजेक्टरचं प्रेशर आणि टायमिंग, या चुका टाळा

सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. सुरू झाली की मागून पांढरा धूर, आणि इंजिन गरम झाल्यावरही एका सिलिंडरमधून खिळा ठोकल्यासारखा आवाज. अशी गाडी समोर आली की हात आपोआप डिझेल पंपाच्या नटांकडे जातो. पंप जरा फिरवायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पडण्याची वेळ (टायमिंग) सरकते, आणि आवाज मऊ झाला की नट आवळायचे. मीही हे केलंय. आवाज कमी झाला, पण गाडी चढावर दम टाकायला लागली आणि ॲव्हरेज घसरलं. टायमिंग आधी बरोबरच होतं. एका इंजेक्टरची स्प्रिंग थकली होती.

टायमिंग आधी, प्रेशर नंतर: ही सगळ्यात महागात पडणारी चूक

जुन्या मेकॅनिकल इंजेक्टरला ‘आता उघड’ असं सांगणारं कोणी नसतं. पंप डिझेल ढकलतो, पाइपमधला दाब वाढतो आणि तो स्प्रिंगच्या जोरावर मात करतो तेव्हा इंजेक्टरच्या टोकाची, म्हणजे नोझलची, सुई उचलली जाते. म्हणजे इंजेक्टर किती दाबाला उघडतो यावरच तो केव्हा उघडतो हेही ठरतं. स्प्रिंग सैल पडली की इंजेक्टर लवकर उघडतो, शिवाय फवाऱ्याऐवजी जाड थेंब पडतात आणि ठोके वाढतात. पंप फिरवला तर सगळ्याच सिलिंडरचं टायमिंग सारखं सरकतं. एका आजारी इंजेक्टरसाठी तीन धडधाकट सिलिंडरांना शिक्षा कशाला?

दोषी सिलिंडर शोधायला सोपी युक्ती आहे. इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरवरचा पाइपचा नट थोडा ढिला करा. ज्या नटाला ठोका थांबतो तो इंजेक्टर संशयित. ज्या नटाला इंजिनच्या चालीत काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाहीये. नटावर फडकं गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा घाला. आणि हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरच्या नव्या गाडीत चालू इंजिनाचा पाइप कधीही ढिला करू नका. तिथले दाब जिवावर बेतणारे असतात.

‘दाब जास्त तेवढं बरं’ हा गैरसमज

इंजेक्टरच्या स्प्रिंगला दाब देणारी पातळ चकती, म्हणजे शिम, वाढवून प्रेशर चढवलं की फवारा बारीक होईल आणि पिकअप वाढेल, असं समजणारे बरेच आहेत. प्रत्यक्षात इंजेक्टर उशिरा उघडतो, म्हणजे न सांगता टायमिंग मागे पडतं, आणि पंपावर ताण येतो तो वेगळाच.

आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो. मर्सिडीजच्या ओएम ६१७ या पाच सिलिंडरच्या इंजिनात टर्बो नसेल तर नव्या नोझलला ११५ ते १२५ बार, टर्बो असेल तर १३५ ते १४५ बार. फोक्सवॅगनच्या जुन्या १.६ लिटर डिझेलला नवीन असताना १३० ते १३८ बार आणि १२० च्या खाली गेलं की काम काढायचं. त्याच्याच टर्बोला १५५ ते १६३. ही आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात डिझेल फवारणारी इंजिनं. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या इंजिनांचे आकडे याहून बरेच वर असतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. एकाच इंजिनातले इंजेक्टर आपापसात जुळणं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. पाच बारच्या आत फरक असला तर आयडल गुळगुळीत मिळतं. ०.०५ मिमीच्या शिमने साधारण तीन ते पाच बार फरक पडतो. म्हणून नोझल नवं टाकून जुनी शिम तशीच ठेवली आणि टेस्टरवर (हँडल मारून इंजेक्टरचा दाब बघायचं यंत्र) न बघता इंजेक्टर बसवला, तर तो नुसता अंदाज झाला.

टेस्टरवर फक्त उघडण्याचा दाब बघून थांबू नका. त्या दाबाच्या १०-२० बार खाली धरून ठेवा. दहा सेकंदांत टोकाशी थेंब लोंबता कामा नये. हँडल मारताना नोझल करकरलं पाहिजे आणि फवारा सरळ, सारखा यायला हवा. हात मात्र त्या फवाऱ्यासमोर कधीही नेऊ नका. डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच डॉक्टरकडे जायचं. दुखेपर्यंत थांबायचं नाही.

उघडलेल्या नोझलवर तारेचा ब्रश चालवू नका. सुई आणि तिचं घर ही घासून जुळवलेली जोडी असते, एकीची सुई दुसरीत घालू नका. इंजेक्टरखालचा वॉशर दर वेळी नवा घाला, आणि जुना आत चिकटून राहिला नाही ना हे टॉर्च लावून बघा. एकावर एक दोन वॉशर बसलेले मी पाहिलेत.

हवा धरलेल्या गाडीचं टायमिंग बघणं

इंजेक्टरमधलं उरलेलं डिझेल परत नेणारे (रिटर्नचे) छोटे रबरी पाइप कडक होऊन हवा ओढतात. फिल्टर तुंबतो. हीटर प्लग जातात, कॉम्प्रेशन कमी होतं. या सगळ्यांची लक्षणं उशिरा पडलेल्या टायमिंगसारखीच: सेल्फ जास्त, धूर पांढरा. पंपाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये वीतभर पारदर्शक नळी घाला. बुडबुडे सलग येत असतील तर आधी ते बंद करा.

डायल गेज लावताना

बॉशच्या व्हीई पंपात (यात एकच प्लंजर, म्हणजे दट्ट्या, सगळ्या सिलिंडरांना डिझेल देतो) मागच्या बाजूला पाइपांच्या मधला प्लग काढून गेज बसवतात आणि टीडीसीला, म्हणजे एक नंबरचा पिस्टन अगदी वर असताना, प्लंजर किती उचलला ते मोजतात. इथे तीन चुका वारंवार होतात. थंड इंजिनसाठी टायमिंग लवकर करणारा ॲडव्हान्स लिव्हर ओढलेलाच राहतो आणि रीडिंग खोटं येतं. दुसरी, टीडीसीची खूण थोडी ओलांडली की इंजिन तेवढंच उलटं फिरवून खुणेवर आणतात. तसं करू नका; चांगलं मागे न्या आणि चालण्याच्या दिशेनेच पुन्हा खुणेवर या, नाहीतर गिअर-चेनमधली ढिलाई मापात शिरते. तिसरी, एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर हे कॅमकडे न बघताच गृहीत धरतात.

चेनच्या इंजिनात चेन लांबली की पंप आपोआप मागे पडतो. अशा वेळी आधी चेन किती लांबली ते बघा.

रीडिंग बरोबर आहे, पण वेग वाढवला की गाडी सुस्त? व्हीई पंपात आतल्या व्हेन पंपाचा दाब वेगासोबत वाढतो आणि तोच टायमिंग पुढे नेतो. व्हेन झिजले, आतला दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकला किंवा नुसता फिल्टर तुंबला, तरी थांबलेल्या इंजिनावरचं माप बरोबर येईल आणि चालत्या इंजिनाचं टायमिंग मागेच राहील. इथे पंपाची बॉडी फिरवून उपयोग नाही. आधी फिल्टर बदला, मग पंप बेंचवर पाठवा.

फिरवायचाच असेल तर पंपाच्या शाफ्टच्या उलट दिशेने बॉडी फिरवली की टायमिंग ॲडव्हान्स होतं. केसभर हलवा, नट आवळा आणि रीडिंग पुन्हा घ्या. आवळताना पंप सरकतो.