फुफाट्यात ट्रॅक्टर घालण्याआधी वाटी खोला

मे अर्धा सरला. 25 मेच्या आसपास रोहिणी, 7-8 जूनला मृग. एवढ्या तीन आठवड्यांत सगळं शिवार मोगडा आणि रोटाव्हेटरखालून जातं, आणि 25 ते 35 एचपीचे जुने ट्रॅक्टर वर्षभराची धूळ याच दिवसांत खातात. उद्या सकाळी चावी फिरवण्याआधी एअर क्लीनरच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या भांड्याच्या, तळाची ऑइलची वाटी खोला. पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल, वाटी मात्र खोला.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात एक तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर मे महिन्यात भाड्याने सलग वीस दिवस रोटाव्हेटरवर चालला. जूनमध्ये पाऊस झाला, वाफसा आला, पेरणीयंत्र जोडलं आणि ट्रॅक्टर लोडच घेईना. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, भकाभका धूर, मापपट्टीवर ऑइलचा पत्ता नाही. मेस्त्रीने हेड उतरवलं तर लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, वरच्या बाजूला नख अडेल अशी कड पडलेली. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल नव्हतंच, उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळलेला गाळ होता. इंजिन बांधून यायला सतरा दिवस लागले. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना, कारण वाफसा सगळ्यांचा एकदमच येतो. सोयाबीनची पेरणी जुलैत गेली आणि शेंगा भरायच्या वेळी पावसाने ताण दिला. पीक गेलं ते खोडमाशीने नाही की यलो मोझॅकने नाही, अर्धा-एक लिटर ऑइल न बदलल्याने गेलं. असे चार-पाच जण मी पाहिलेत, दरवेळी वाटीत तोच गाळ.

75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर आणि 15 जुलैच्या आत सोयाबीन पेरा, ही शिफारस सगळ्यांना पाठ आहे. कागदावर महिना दिसतो. पण आमच्या भारी काळ्या रानात पेरणीयंत्र नीट चालेल असे दिवस त्या महिन्यात माझ्या अंदाजाने सात-आठच निघतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर शेडमध्ये उघडा पडलेला परवडत नाही.

धूळ किती आत जाते याचा हिशोब करा. दोन लिटरचं चार स्ट्रोक इंजिन 2000 आरपीएमवर मिनिटाला जवळपास दोन हजार लिटर हवा ओढतं. म्हणजे घराच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या, दर मिनिटाला. रोटाव्हेटरमागच्या फुफाट्यातून ती हवा येते. मातीतली बारीक वाळू लायनरवरच्या ऑइलमध्ये मिसळली की पिस्टनवरची रिंग आणि लायनर एकमेकांना पाट्यावरवंट्यासारखे घासतात. आधी ऑइल कमी होऊ लागतं, मग निळा धूर, मग सकाळी सुरू व्हायला कुरकूर. तोपर्यंत काम झालेलं असतं.

जुन्या ट्रॅक्टरात धूळ ऑइलमध्ये अडकवणारा ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. त्याची वाटी अशी काढायची. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, जाळीतलं ऑइल खाली निथळू द्या. वाटीला दोन्ही हातांचा आधार देऊन क्लिप सोडा. जुनं ऑइल ओता, तळाचा गाळ बोटाने काढा, वाटी डिझेलने धुऊन कोरडी पुसा. पेट्रोल वापरू नका. मग इंजिनमध्ये जे ऑइल घालता तेच, बहुतेकांकडे 15 डब्ल्यू-40, वाटीवरच्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर थेंबभरही नको. जास्त भरलेलं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि तेच जाळत पळत सुटतं. मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. वाटीचं रबर कडक झालं असेल तर नवं टाका.

वरची तारेची जाळीही हंगामात एकदा पूर्ण उतरवून डिझेलमध्ये खळबळून काढा. डिझेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू द्या, रात्रभर उपडी ठेवलेली बरी. प्री-क्लीनरच्या, म्हणजे हवा आत जाते त्या तोंडावरच्या, टोपीतला पाला, भुसा झटका. हरभऱ्याच्या मळणीचा भुसा तिथे अजून असेल.

वाटी किती दिवसांनी बघायची? धुळीच्या कामात रोज, म्हणजे 8-10 तासांनी, असं कंपन्यांच्या पुस्तिकाच सांगतात, आणि तळाला साधारण एक सेंटिमीटर गाळ दिसला की ऑइल बदलायचंच. जुन्या ट्रॅक्टरचा तासांचा मीटर बहुधा मेलेला असतो, म्हणून मी डिझेलवर मोजतो. रोटाव्हेटरला तासाला चार-पाच लिटर धरलं तर चाळीस लिटर जळालं की वाटी उघडायची. टाकीजवळ खडूने रेघ मारली तरी पुरे.

रोज नवं ऑइल परवडत नाही, हे गाऱ्हाणं खरं आहे. नियम नवंच ऑइल घाला असा, आणि तो बरोबर आहे. तरी मी स्वतः फुफाट्याच्या पंधरा दिवसांत इंजिनमधून काढलेलं ऑइल आठ दिवस डब्यात निवळू देतो आणि वरचं स्वच्छ तेवढंच वाटीत घालतो. फार काळं, दाट असेल तर फेकतो. महिनाभर न बदललेल्या नव्या ऑइलपेक्षा रोज बदललेलं निवळलेलं बरं, एवढाच माझा अनुभव. हे शास्त्र नाही.

वाटी स्वच्छ असूनही इंजिन गेलेलं पाहिलंय. तिथे गुन्हेगार एअर क्लीनरपासून इंजिनच्या हवेच्या तोंडापर्यंतचा (मॅनिफोल्ड) रबरी पाइप होता. चीर पडली, क्लिप ढिली झाली की इंजिन सोप्या वाटेने, न गाळलेली हवा ओढतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने आवळून चालवणारे खूप आहेत. पाइप काढून आतून बोट फिरवा. रेतीसारखं खरखरीत लागलं तर गळती आहेच. दुसरी परीक्षा: इंजिन मंद चालू ठेवून हवा आत जाते ते तोंड लाकडी पाटाने घट्ट झाका. हात लावू नका, इंजिन ओढून घेतं. दोन-चार सेकंदात इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, ती जागा शोधा. नवा पाइप आणि दोन क्लिपा काही शे रुपयांत येतात.

कागदी फिल्टर असलेल्यांनी तो ट्रॉलीच्या फळीवर आपटू नये. हवा मारायची ती आतून बाहेर, कमी दाबाने. मग अंधारात आत बल्ब धरून बघा. कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की फिल्टर फेका.

आता दुकानदाराबद्दल. ट्रॅक्टर दम खातोय म्हणून गेलात की तीन गोष्टी पुढे येतात: ऑइलमध्ये टाकायची बाटली, ऑइल बाथ काढून कोरड्या फिल्टरचं किट, आणि थेट लायनर-पिस्टन. बाटलीने झिजलेला लायनर भरून येत नाही. कोरडं किट वाईट नाही, पण ज्याला वाटी धुवायचा कंटाळा तो कागदही वेळेवर बदलणार नाही, आणि बदलायचा तर दरवेळी पैसे. काळा धूर निघत असेल तर आधी एअर क्लीनर साफ करून अर्धा तास चालवा. बऱ्याचदा धूर तिथेच जातो. लायनरची भाषा त्यानंतर.

एक अंदाज माझा आणखी: रोटाव्हेटर पहाटे ते नऊपर्यंत चालवा, वारा आडवा राहील अशा ओळी धरा. पाठीमागून वारा असला की फुफाटा ट्रॅक्टरबरोबरच चालतो. आणि माती पिठासारखी करू नका, पहिल्या सरीत तिची पापडी होते.

बाकीची कामं:

• इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर पेरणीआधी बदला.
• डिझेल फिल्टरच्या वाटीतलं पाणी सोडा, नंतर डिझेलच्या नळीतली हवा काढा. टाकी संध्याकाळी भरून ठेवा.
• रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढा. एअरकूल्ड एक सिलिंडरवाल्यांनी फिन्समधली माती खरवडा.
• फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून अर्धा इंच दबायला हवा.
• क्लच पेडलचा मोकळा खेळ 20-25 मिमी, नक्की आकडा पुस्तिकेत.
• बॅटरीत डिस्टिल्ड पाणी, टर्मिनलला व्हॅसलीन.
• मागच्या टायरची हवा शेतात 12 पीएसआय, ट्रॉलीला 16-18.
• ग्रीस सगळ्या निपलांना, जुनं बाहेर येईपर्यंत.
• दोन्ही ब्रेक सारखे लागतात का बघा; रस्त्यावर पेडलची कडी लावा.
• पीटीओ शाफ्टवरचं (रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरचं) कव्हर नसेल तर आधी बसवा.

आणि वळवाचा पाऊस. प्री-क्लीनरची टोपी हरवलेली असेल आणि ट्रॅक्टर उघड्यावर भिजला, तर वाटीत पाणी जातं. पाणी खाली बसल्याने ऑइल वर ढकललं जातं, किंवा घुसळून ताकासारखं होतं. पावसात भिजलेला ट्रॅक्टर सुरू करण्याआधी वाटी खोला, ताक दिसलं तर ओतून द्या, पुसा, भरा. तोवर टोपीऐवजी पत्र्याचा डबा उपडा ठेवला तरी चालेल, फक्त सुरू करण्याआधी काढायचा लक्षात ठेवा.