संदर्भातून शब्दार्थ शिकवताना या चुका टाळा

शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून, हा ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार कॉर्पस (प्रत्यक्ष वापरातील मजकुराचा संगणकीय संग्रह) भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला सांगितला जातो आणि बहुतेक वेळा त्याच तासाला मोडलाही जातो. शिक्षक आधी फळ्यावर शब्दाचा अर्थ लिहितात आणि मग कॉर्पसमधील ओळी दाखवतात. अर्थ हाती आल्यावर विद्यार्थी ओळी वाचत नाहीत. त्या अर्थाला दुजोरा देणारी एखादी ओळ सापडली की थांबतात.

त्याऐवजी शब्दच झाकून ठेवावा. ‘ओढवणे’ या क्रियापदाच्या वीस-पंचवीस ओळी घ्याव्यात, क्रियापदाच्या जागी रेघ ठेवावी आणि डावीकडचे शब्द नीट वाचायला सांगावेत: ‘कुटुंबावर उपासमारीची वेळ —’, ‘संघावर नामुष्की —’, ‘उपचाराअभावी मृत्यू —’, ‘सर्वांचा रोष — घेतला’. पहिल्या ओळीत बरेच जण ‘आली’ भरतील. ते उत्तर चूक म्हणून खोडू नये, कारण खरा धडा तिथेच आहे. ‘येणे’च्या ओळी शेजारी ठेवल्या की यश, पाऊस, पाहुणे, आठवण असे सारेच येताना दिसते, ‘यश ओढवले’ मात्र कोणी लिहीत नाही. त्या शब्दावरची अनिष्टाची सावली व्याख्या पाठ करून कळत नाही, अनेक ओळी एकाखाली एक वाचल्यावरच ती विद्यार्थ्याला स्वतःहून दिसते.

दुसरी चूक शोधतानाच होते. ‘डोळा’ एवढेच टंकले, तर ‘डोळे’, ‘डोळ्यात’, ‘डोळ्यांवर’ ही रूपे निसटतात, आणि सगळी रूपे एकत्र मिसळली, तर निराळाच घोटाळा होतो. शब्दाच्या प्रत्येक रूपाचे वर्तन स्वतंत्र असू शकते, यावर कॉर्पस-अभ्यासक जॉन सिंक्लेअर यांनी भर दिला होता. मराठीत ‘डोळा लागणे’, ‘डोळा चुकवणे’, ‘जमिनीवर डोळा असणे’ यांत एकवचनी रूपच ठरलेले आहे. तिथे ‘डोळे’ घालून पाहिले की अर्थ तरी बदलतो किंवा वाक्य तरी अडखळते. म्हणून सर्व रूपे शोधावीत, पण वाचावीत वेगवेगळी.

शोधात ओळी अनपेक्षितपणे कमी आल्या, तर टंकलेखन तपासावे. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि साधा शोध त्यांना वेगळे शब्द समजतो.

सोबतचे शब्द दोन्ही बाजूंना चार-पाच शब्दांपर्यंतच पाहण्याची पद्धत इंग्रजीच्या अभ्यासात रूढ झाली. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्याने नाम आणि त्याचे क्रियापद यांच्यात बरेच अंतर पडू शकते. नामाचा अभ्यास करताना उजवीकडची मर्यादा वाढवावी, क्रियापदाचा करताना डावीकडची.

दोन शब्द एकमेकांशी किती घट्ट जोडलेले आहेत हे मोजणाऱ्या आकड्यांबाबत एवढेच, की म्युच्युअल इन्फर्मेशनचा गुणांक दुर्मीळ जोड्यांना अवाजवी वर चढवतो आणि टी-स्कोअर वारंवार येणाऱ्या शब्दांना झुकते माप देतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात आणि प्रत्येक जोडीच्या मूळ ओळी उघडाव्यात. ओळींसमोर स्रोताचा रकानाही दिसू द्यावा. पंचवीसपैकी अठरा ओळी एकाच वृत्तपत्रातून आल्या असतील, तर विद्यार्थ्यांना शब्दाच्या अर्थापेक्षा त्या वृत्तपत्राची शैलीच अधिक सापडलेली असते.