नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना संगणकावरचा चार्ट शिकवताना या चुका टाळा

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला ‘हेल्थ/नर्सिंग इन्फर्मेटिक्स अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय आहे. पण तो कॉम्प्युटर लॅबमध्येच उरकला, तर हॉस्पिटलच्या सिस्टिमशी पहिली खरी गाठ पडते ती नोकरी लागल्यावर, रात्रपाळीत. हे शिक्षण पेशंटच्या खाटेपाशीच व्हायला हवं.

न मोजता आकडा भरणं. सगळ्यात घातक चूक हीच. वॉर्डभर सगळ्यांचा श्वसनदर 18 किंवा 20 दिसला, की तो मोजलेला नाही हे ओळखावं. ज्या सिस्टिममध्ये न्यूज-2 गुणांकन (पेशंटची तब्येत बिघडत असल्याचा वेळीच इशारा देणारी गुणपद्धत) आहे, तिथे श्वसनदर 25 किंवा जास्त असला की 3 गुण पडतात, आणि एकाच नोंदीला 3 गुण म्हणजे डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. 12 ते 20 ला शून्य. दर मिनिटाला 26 वेळा श्वास घेणाऱ्या पेशंटसमोर 18 टाइप केलं, तर इशारा येणारच नाही. डमी पेशंटवर आधी 26 भरायला लावा, मग 18. इशारा नाहीसा झालेला विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. त्यानंतर वॉर्डात ट्यूटरने आणि विद्यार्थ्याने एकाच पेशंटचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजून आकडे ताडून पाहावेत.

कालची नोंद कॉपी करणं. कॅथेटर सोमवारी काढला, तरी बुधवारच्या नोंदीत ‘कॅथेटर आहे’ असंच चालू राहतं. पोस्टिंगच्या काळात कॉपीची सवय लागूच देऊ नका.

ड्युटी संपताना सगळं एकदम भरणं. औषध दिल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ सिस्टिम सहसा वेगवेगळी जपते. उशीर झालाच, तर औषध दिल्याची खरी वेळ टाकून ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहायला शिकवा. ओढूनताणून वेळ जुळवू नये.

सिस्टरचं लॉगिन वापरणं. विद्यार्थ्यांना आयडी मिळत नाही, म्हणून हा शॉर्टकट निघतो. मग चुकलेली नोंद सिस्टरच्या नावावर जाते आणि खरी माहिती कुणाकडेच उरत नाही. पोस्टिंग सुरू होण्याआधी आयटी विभागाकडे विद्यार्थी-लॉगिन मागा, म्हणजे नोंद विद्यार्थ्याची आणि मंजुरी स्टाफ नर्सची. ते मिळत नसेल तर विद्यार्थ्याने कागदावर लिहावं, आणि सिस्टरने स्वतः खात्री करून भरावं.

सराव खऱ्या सिस्टिमवर नको. ओपनएमआरएस आणि त्यावर उभारलेली बहमनी या पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन्ही प्रणाली मुक्त-स्रोत आहेत. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात बहमनी प्रथम आकाराला आली. कॉलेजच्या लॅबमध्ये ती बसवून काल्पनिक पेशंट भरता येतात. केस स्टडीसाठी खऱ्या पेशंटच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला मात्र सक्त मनाई करा, नाव झाकलेलं असलं तरी.

नेटवर्क गेल्यावर काय करायचं, याचाही सराव घ्या: कागदी चार्ट कुठे ठेवलेत, आणि सिस्टिम सुरू झाल्यावर त्या नोंदी कोण भरणार.